राखाडी, पण कशाची?

मराठी समीक्षेत अलीकडे एक शब्द फार सोयीचा झाला आहे : ग्रे. नाटकाच्या परीक्षणात, कादंबरीच्या मलपृष्ठावर, मालिकेतल्या नटाच्या मुलाखतीत तो हमखास भेटतो. या भूमिकेला ग्रे शेड आहे. लेखिकेने कोणालाच काळे किंवा पांढरे रंगवलेले नाही, सगळी माणसे ग्रे आहेत. म्हणणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. नायक-खलनायकाच्या जुन्या हिशेबातून सुटण्याची ती धडपड असते, आणि त्या हिशेबातून सुटायला हवे होतेच. पण हा शब्द आला की विचार तिथेच थांबतो, असा माझा अनुभव आहे. पात्र ग्रे आहे, म्हणजे गुंतागुंतीचे आहे, म्हणजे चांगले लिहिलेले आहे. पुढे काही विचारायचे उरत नाही. ज्या शब्दाने न्याय करणे अवघड व्हायला हवे, त्याने न्याय करण्याची गरजच संपवली आहे.

याचे मूळ एका चुकीच्या पाककृतीत आहे असे मला वाटते. ग्रे म्हणजे थोडा काळा आणि थोडा पांढरा, असे आपण गृहीत धरतो. माणसात थोडे वाईट, थोडे चांगले. ढवळले की ग्रे. पण ज्यांचे पोट रंग कालवण्यावर आहे, ते चित्रकार हा रंग बहुतेक वेळा असा करत नाहीत. ते कसा करतात हे नीट पाहिले, तर समीक्षेला या शब्दाचा खरा उपयोग करता येईल.

आधी शब्दाचाच प्रश्न. अनुवादक म्हणून मला तो वारंवार अडवतो. आपण ग्रे हा शब्द मराठीत तसाच का ठेवतो? करडा आहे की. पण मराठीत नजर करडी असते, शिस्त करडी असते. 'करडे पात्र' म्हटले की डोळ्यांपुढे छडी घेतलेले हेडमास्तर उभे राहतात. राखाडी भिंतीला आणि साडीला चालतो, स्वभावाला चिकटत नाही. पारवा हा सुंदर शब्द आहे, पण त्यात पारव्याच्या मानेवरची निळसर झाक आहे आणि ती पुसता येत नाही. धूसर घ्यावा, तर मराठीत त्याचा पहिला अर्थ अस्पष्ट असा होतो. बंगालीत हाच शब्द सरळ रंगाचे नाव आहे. जीवनानंद दास यांच्या 'धूसर पांडुलिपि' या १९३६ सालच्या संग्रहाचे शीर्षक मराठी वाचकाने जसेच्या तसे वाचले, तर त्याला पुसट झालेली अक्षरे दिसतील. बंगाली वाचकाला त्याबरोबर कागदाचा रंगही दिसतो. एकाच संस्कृत शब्दाची दोन घरे, आणि दोन्हींत उजेड वेगळा.

शेजारच्या भाषांत डोकावले तर एक गंमत दिसते. गुजरातीत राखोडी, कन्नडात बूदु, तेलुगूत बूडिद, तमिळमध्ये साम्बल् : सगळीकडे हा रंग राखेचा आहे. आपला राखाडीही तोच. या शब्दांत काळ्या-पांढऱ्याचे प्रमाण कुठेच नाही. त्यांत एक वस्तू आहे, आणि ती वस्तू आधी दुसरे काहीतरी होती. गोवरीची राख आणि कोळशाची राख एका रंगाची नसते, हे चुलीपुढे बसलेल्या माणसाला सांगावे लागत नाही. राख म्हटले की 'कशाची?' हा प्रश्न तिच्याबरोबरच येतो. इंग्रजीतून उसना घेतलेला ग्रे हा प्रश्न बरोबर आणत नाही, म्हणून तो सोयीचा आहे.

आता रंगांच्या टेबलाशी जाऊ. काळ्याची एक ट्यूब आणि पांढऱ्याची एक ट्यूब घेऊन कालवले, तर राखाडी मिळतो, यात शंका नाही. शाळेतली मुले पोस्टर कलरच्या बाटल्यांतून तोच करतात. पण तो राखाडी बहुधा थंड, किंचित निळसर निघतो आणि चित्रातल्या इतर रंगांशी त्याचे नाते जुळत नाही; भिंतीवर सिमेंटचा गिलावा मारावा तसा तो बसतो. शिवाय काळा हा दिसतो तितका तटस्थ नसतो. आयव्हरी ब्लॅकमध्ये पिवळा मिसळला, तर हिरवट रंग तयार होतो. म्हणजे कालवताना तो गडद निळ्यासारखा वागतो. स्वीडिश चित्रकार आन्देर्स झोर्न याच्या नावाने ओळखली जाणारी रंगपेटी याच गुणावर उभी आहे : पिवळी माती, लाल, काळा आणि पांढरा, निळ्याचे काम काळ्याकडे. ज्याला आपण रंगाचा अभाव समजतो, त्यालाही एक कल असतो.

दुसरी रीत अशी. अल्ट्रामरीन निळा घ्यायचा आणि त्यात बर्न्ट सिएना हा भाजलेल्या मातीचा तांबूस-नारिंगी रंग थोडाथोडा घालत जायचे. दोन्ही रंग आपापल्या जागी भरदार आहेत. पण निळा जो प्रकाश परत पाठवतो तो तांबूस गिळतो, आणि तांबूस जो पाठवतो तो निळा गिळतो. दोघे एकमेकांना विझवत नेतात आणि मधे कुठेतरी एक खोल, जवळजवळ काळा रंग मिळतो. त्यात पांढरा घातला की राखाडी उघडतो. व्हिरिडियन हिरवा आणि अॅलिझरिन क्रिमझन यांच्यातूनही असाच मिळतो. जांभळा आणि पिवळा यांच्यातूनही. हे तिन्ही राखाडी शेजारीशेजारी ठेवले, तर एक मावळतीकडे झुकलेला, एक शेवाळाकडे, एक धुळीकडे असे वेगवेगळे दिसतात. एका बाजूचा रंग ब्रशच्या टोकाएवढा वाढवला, तरी सगळा कल बदलतो. आणि हात सैल सोडून चार-पाच रंग एकत्र घोटले, तर राखाडी होत नाही, चिखल होतो. राखाडी आणि चिखल यांतला फरक एवढाच, की राखाडी करणाऱ्याला आपण काय कशावर घातले हे माहीत असते.

अशा जोड्यांना आपल्याकडे शाळेच्या चित्रकलेत विरोधी रंग म्हणतात. इंग्रजी आणि फ्रेंच संज्ञांचा शब्दशः अर्थ मात्र 'पूरक' असा आहे. जोडी तीच. एका भाषेने तिच्यात भांडण पाहिले, दुसरीने भरपाई. मला दोन्ही नावे हवीशी वाटतात, कारण चांगल्या राखाडीत दोन्ही घडत असते. ज्याने रंग विझतो, त्यानेच तो पूर्ण होतो.

व्हिन्सेंट व्हॅन गॉगच्या पत्रांत या समजुतीचा प्रवास पाहायला मिळतो. १८८२ च्या उन्हाळ्यात हेगहून भाऊ थिओला लिहिताना तो म्हणतो, की निखळ काळा असा निसर्गात नसतोच. आपल्याला दिसतात ते राखाडीचेच अगणित प्रकार, लालसर, निळसर, पिवळसर, हिरवट. इथवर पाहणे बरोबर आहे, पण पाककृती अजून जुनीच आहे : मूळ रंग, मिश्र रंग, आणि त्यांत काळा नि पांढरा. पुढे न्यूनेन या खेड्यात असताना तो शार्ल ब्लाँ या फ्रेंच कलालेखकाचे रंगांविषयीचे लेखन वाचतो आणि पूरक रंगांनी एकमेकांना मोडण्याची कल्पना त्याच्या हाताला लागते. १८८५ च्या वसंतात 'बटाटे खाणारे' हे चित्र तयार होते. चित्राचा आकार साधारण ८२ बाय ११४ सेंटिमीटर; आज ते अॅम्स्टरडॅमच्या व्हॅन गॉग संग्रहालयात आहे. तेलाच्या एका दिव्याखाली पाच शेतकरी माणसे जेवायला बसली आहेत.

या चित्राविषयी त्याने थिओला लिहिलेली एक गोष्ट मला समीक्षेच्या अनेक पुस्तकांपेक्षा मोलाची वाटते. चित्रात पांढरा रंग त्याने जवळजवळ वापरलेलाच नाही. सिंदुरी लाल, पॅरिस निळा आणि नेपल्स पिवळा एकत्र केल्यावर जो उदासीन रंग येतो, तो वापरला आहे. तो रंग स्वतः बऱ्यापैकी गडद राखाडी आहे. पण चित्रात तो पांढरा दिसतो. बायकांच्या टोप्या पाहाव्यात. त्या खोलीत त्या उजळच वाटतात, कारण भोवती त्यांच्याहून गडद असा सगळा अंधार आहे. चेहरे त्याने आधी मांसाच्या गुलाबी रंगात केले होते. ते पुन्हा रंगवताना त्याने न सोललेल्या, मातीने माखलेल्या बटाट्याचा रंग आणला. म्हणजे माणसे काय खातात आणि ती कशाची झाली आहेत, हे एकाच रंगात सांगितले. तिथे थोडा काळा, थोडा पांढरा असा हिशेब केला असता, तर गरिबीचे एक सभ्य, दुःखी चित्र मिळाले असते. या राखाडीत लाल आहे, निळा आहे, पिवळा आहे. एकही मेलेला नाही, आणि एकही मोकळा नाही.

त्याच दिवसांत तो विणकरांविषयीही लिहितो. न्यूनेनमध्ये त्याने मागावर बसलेल्या विणकरांची अनेक चित्रे केली होती. लाल, निळे, पिवळे, मळकट पांढरे आणि काळे धागे एकत्र विणून जो राखाडी होतो, तो एकाच रंगात बुडवलेल्या कापडापेक्षा निराळा असतो, असे त्याचे निरीक्षण आहे. असा राखाडी थरथरतो. त्याच्यापुढे सपाट रंग कडक आणि निर्जीव वाटतात. आपल्याकडे पैठणीतले धूपछाव पाहिलेल्यांना हे पटवून द्यायला नको. ताणा एका रंगाचा, बाणा दुसऱ्या. पदर हलला की रंग बदलतो, कारण कापडात दोन्ही रंग शाबूत असतात.

व्हॅन गॉगच्या आधी हे कोडे पॅरिसच्या गोबलँ कारखान्यात पडले होते. तिथल्या रंगाई विभागाचा प्रमुख, रसायनशास्त्रज्ञ शेव्हरल याच्याकडे तक्रार आली, की काळे धागे फिके निघतात. त्याने तपासले, तर काळा नीटच होता. निळ्या-जांभळ्या धाग्यांच्या शेजारी विणला गेला, की तो डोळ्यांना फिका दिसत होता. दोष रंगात नव्हता, शेजारात होता. १८३९ मध्ये त्याने यावर एक जाडजूड ग्रंथच प्रसिद्ध केला, आणि पुढच्या दोन पिढ्यांच्या चित्रकारांनी त्यातून आपापल्या कामाचे घेतले.

रंगांच्या टेबलावरून समीक्षेने उचलावे असे मला दिसते ते हे : राखाडीविषयी तीन प्रश्न विचारता येतात. तो कोणत्या दोन भरदार रंगांनी एकमेकांना मोडून झाला आहे? त्याचा कल कोणीकडे आहे? आणि तो कोणाच्या शेजारी ठेवला आहे? 'किती टक्के काळा' हा प्रश्न या तिन्हींत नाही.

हे प्रश्न विजय तेंडुलकरांच्या 'सखाराम बाइंडर'ला विचारून पाहू. १९७२ चे हे नाटक सेन्सॉरने अडवले, प्रकरण न्यायालयात गेले, आणि मराठीबाहेरही त्याचे प्रयोग आणि अनुवाद झाले. तेव्हा ते काळे ठरवले गेले होते. आता ते ग्रे ठरवले जाते. दोन्ही वेळा त्याच्याकडे पाहण्याचे टळले असे मला वाटते.

सखाराम नवऱ्यांनी टाकलेल्या बायकांना घरात आणतो. लग्न नाही, ढोंग नाही. नियम पहिल्याच दिवशी सांगतो : घर सांभाळायचे, त्याला सांभाळायचे, पटले नाही तर केव्हाही जायचे. ग्रेच्या हिशेबात लिहायचे, तर त्याचा स्पष्टपणा पांढऱ्या रकान्यात जाईल आणि पट्ट्याने मारणे काळ्या रकान्यात. पण नाटकात हे दोन रकाने नाहीत. सखारामचा स्पष्टपणाच त्याच्या मारण्याला परवाना देतो. आपण फसवले नाही, आधी सांगितले होते, म्हणून जे काही करू ते चोख, असा त्याचा कायदा आहे. समाजाच्या ढोंगाविषयीचा त्याचा राग खरा आहे, आणि त्या रागाच्या आड तो घरातल्या घरात एक छोटा राजा झाला आहे. एक रंग दुसऱ्यातून वेगळा काढायचा प्रयत्न केला, तर दोन्ही निसटतात.

लक्ष्मीचे उदाहरण याहून अवघड आहे. ती देवभोळी आहे, मुंगळ्याशी बोलते, सखारामच्या घरात पूजाअर्चा आणते. त्याच भक्तीपायी ती दाऊदला गणपतीच्या आरतीत सामील होऊ देत नाही, आणि त्यावरून मार खाते. दुसऱ्यांदा त्या घरात परतल्यावर चंपाच्या टाकलेल्या नवऱ्याची, त्या खंगलेल्या फौजदार शिंद्याची, ती लपून काळजी घेते. शेवटी चंपा दाऊदकडे जाते हे तीच सखारामला सांगते. तो चंपाचा गळा दाबतो. आणि प्रेत पुरायच्या कामाला सखाराम गोठलेला असताना तीच शांतपणे लागते. या बाईला ग्रे म्हणणे म्हणजे मुंगळ्यावरची माया आणि खुनातला हात यांची सरासरी काढणे. तशी सरासरी निघत नाही. लक्ष्मीची शिंद्यावरची दया आणि चंपावरचा द्वेष एकाच मुळाचे आहेत : नवरा हा नवरा असतो, मग तो कसाही असो. जो रंग एका बाजूने करुणा दिसतो, तोच दुसऱ्या बाजूने निर्दयता आहे. धूपछावसारखा. पदर हलवला की कळते.

आणि मग चंपा. ती शिवराळ आहे, आळशी आहे, दारूशिवाय सखारामला सहन करू शकत नाही आणि हे लपवतही नाही. तिने नवऱ्याला आपल्या हाताने बडवले आहे. तिच्यात उजळ म्हणावे असे कोणते गुण आहेत, याची यादी करायला बसले तर ती छोटी होईल. पण आसरा नसलेली लक्ष्मी दाराशी उभी राहते, तेव्हा तिला घरात ठेवून घ्यायला सखाराम तयार नसतो, चंपा होते. कामाची वाटणी करून ती तिला राहू देते. हा सौदाही आहे, कारण घरकामातून तिची सुटका होते. पण त्या घरात दुसऱ्या बाईला जागा करून देणारी ती एकटीच. म्हणून नाटकाच्या शेवटी, जमिनीखाली जाताना, त्या खोलीतली सर्वांत उजळ व्यक्ती चंपा असते. स्वतःपुरती ती व्हॅन गॉगच्या टोप्यांसारखीच गडद आहे. तिला उजळ केले आहे ते शेजाऱ्यांनी, आणि तिच्याभोवती तेंडुलकरांनी रचलेल्या अंधाराने. चंपाला ग्रे म्हटले की ही रचनाच दिसेनाशी होते. ती ग्रे, लक्ष्मी ग्रे, सखाराम ग्रे. मग मेले कोण आणि मारले कोणी, याला काही अर्थ उरत नाही.

यावर एक आक्षेप घेता येईल, आणि तो खरा आहे. काळ्या-पांढऱ्याचा राखाडीही कलेत आहे आणि तो कमअस्सल नाही. पिकासोचे १९३७ चे 'गेर्निका' काळ्या, पांढऱ्या आणि राखाडी छटांत आहे, आणि त्याला कोणी तटस्थ म्हणणार नाही. जर्मन चित्रकार गेरहार्ड रिख्टर याने तर नुसत्या राखाडी रंगाचे कॅनव्हास केले. हा रंग काहीच विधान करत नाही, भावना जागवत नाही, काही न म्हणण्यासाठी याच्याइतका योग्य रंग नाही, अशा अर्थाचे त्याने लिहिलेले आहे. म्हणजे मत न देणे हीही एक भूमिका असू शकते. मान्य. पण रिख्टरने ती भूमिका उघडपणे घेतली, तिची किंमत मोजली आणि कॅनव्हासभर पसरून दाखवली. आपल्या परीक्षणांतला ग्रे हे करत नाही. तो खोलीचे श्रेय घेतो आणि काम मात्र तटस्थतेचे करतो. दोन्ही एकाच वेळी मागता येणार नाही.

अनुवादकाला यातून पळवाट नसते, हे माझ्या कामाचे एक भाग्य आहे. इंग्रजी परिचयात एखाद्या नायिकेला नैतिकदृष्ट्या ग्रे म्हटलेले असते, आणि मला त्याचे मराठी करायचे असते. ग्रे तसाच ठेवला तर वाक्य गुळगुळीत होते आणि कोणी हरकत घेत नाही. पण मराठीत तो शब्द मावत नाही म्हणून मला पुस्तकात परत जावे लागते : ही बाई नक्की कोणत्या दोन गोष्टींमध्ये मोडली आहे? मुलांवरचे प्रेम आणि त्या प्रेमाने तिला शिकवलेला खोटेपणा? निष्ठा, आणि त्या निष्ठेसाठी तिने वाऱ्यावर सोडलेली माणसे? उत्तर सापडले तर मी ते दोन रंग लिहिते आणि मधला शब्द सोडून देते. नाही सापडले, तर बहुधा पुस्तकातच ते नसतात. कोणीतरी दोन ट्यूब पिळून ढवळलेले असते.

एवढी कसोटी समीक्षेलाही लावता येईल. आपल्या राखाडी या शब्दात ती आधीपासून आहेच. कोणी राख दाखवली, की आपण विचारतो, कशाची. ग्रे म्हणणाऱ्यालाही तेच विचारावे, आणि उत्तरात निदान दोन रंगांची नावे येईपर्यंत थांबावे.